ड्रेसिंग रूम करताय? सुताराला बोलावण्याआधी या चुका टाळा

फोन साधारण असा येतो. "मॅडम, बेडरूम आणि बाथरूमच्या मध्ये पाच बाय सातची जागा आहे, तिथे ड्रेसिंग रूम करायचीय. फोटो पाठवलेत, बघून घ्या. आणि हो, पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे."

फोटोत काचेची दारं असतात, आत पिवळसर दिवे, एकाच रंगाचे बारा शर्ट आणि दर दोन शर्टांमध्ये वीतभर अंतर. ज्यांच्या घरी दोन शर्टांमध्ये वीतभर अंतर राहतं त्यांना ड्रेसिंग रूम लागतच नाही, हे मी मनातल्या मनात म्हणते. तोंडाने म्हणते, "आधी कपडे बघायला येते." समोरचा गोंधळतो. कपडे कशाला, जागा बघा ना!

ठाणे-डोंबिवली-कल्याण या पट्ट्यात सोळा वर्षं घरांची आतली कामं करतेय. माणसं बदलतात, चुका त्याच. त्यातली सगळ्यात महागडी मी स्वतः केलेली आहे, म्हणून आधी तीच सांगते.

भिंत न तपासता कपाट ठोकणं

डोंबिवलीतलं दोन बेडरूमचं घर. मार्च महिना, नुकतंच पुट्टी-रंगकाम झालेलं, भिंत दिसायला खडखडीत. भिंतीपलीकडे बाथरूम आणि शॉवर नेमका त्याच भिंतीवर. हे मला माहीत होतं. मी काय केलं, तर आयएस ७१० शिक्क्याचा प्लाय घेतला, ज्याला बाजारात मरीन म्हणतात, आणि निर्धास्त झाले. आमचा मिस्त्री म्हणाला होता, "ताई, हात लावून बघा, इथे गार लागतंय." मार्चमध्ये एकच भिंत गार का लागावी, एवढा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. पण तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले. कपाट भिंतीला चिकटवून उभं केलं, कडा सिलिकॉनने बंद केल्या. फार सुबक दिसलं.

गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. "अगं, जरा येऊन जातेस का?" आवाज शांत होता, म्हणूनच पोटात गोळा आला.

खालून दुसऱ्या खणात त्यांची लग्नातली पैठणी होती, जांभळी. काकूंनी पलंगावर घडी उलगडली. काठालगत पीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके आणि घडीच्या रेषेवर लांबलचक पिवळट डाग. वास भिजून वाळलेल्या रद्दीसारखा. मी खण रिकामा केला, मागच्या फळीवर हात फिरवला. फळी ठणठणीत! फुगलेली नाही, थर सुटलेले नाहीत. प्लाय वाचला होता, साडी गेली होती. मरीन प्लाय स्वतः कुजत नाही, एवढंच. ओल अडवण्याचं वचन त्याने कुणालाच दिलेलं नसतं, आणि आपण मात्र दुकानातून तेच विकत घेतल्यासारखे घरी येतो.

मागची फळी उतरवली तर भिंतीचे पोपडे हातात आले. शॉवरच्या गाडलेल्या पाइपचा एक जॉइंट थेंब थेंब गळत होता, कधीपासून कोण जाणे. टाइल फोडून पाइप बदलण्याचा खर्च त्यांनी केला, कपाटाची मागची बाजू मी माझ्या खिशातून करून दिली. पैठणी ड्रायक्लीनिंगला गेली. ठिपके निघाले, पिवळी रेष राहिली. काकू अजून ती नेसतात. "निऱ्यांत जाते गं ती रेष," म्हणतात. मला मात्र दर वेळी दिसते.

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि त्यावरून दोन-तीन कामं सोडलीही आहेत. जाड प्लास्टिकचा फूटभर चौकोन घ्यायचा, तो चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. पलीकडे बाथरूम असेल तर त्या दोन दिवसांत आंघोळी नेहमीसारख्या होऊ द्यायच्या. मग बघायचं. थेंब प्लास्टिकच्या आत, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला असले तर ओल भिंतीतून येतेय, प्लंबर बोलवा. बाहेरच्या बाजूला असले तर खोलीतली हवाच दमट आहे, हवा खेळवण्याची सोय करा. खर्च जवळपास शून्य. पण दोन दिवस! तेवढं थांबायला सांगितलं की लोकांचे चेहरे असे होतात, जणू मी दोन वर्षं मागितली.

भिंत कोरडी निघाली तरी मी कपाट तिला चिकटवत नाही. मागे दीड-दोन इंच मोकळे सोडते, खाली चार इंचांचे पाय देते, दारात किंवा वर-खाली हवेसाठी जाळी ठेवते. बाथरूमकडच्या आणि पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला रेशीम ठेवत नाही. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आधी भिजते. तिथे बॅगा ठेवा, चपला-बूट ठेवा. ओल शोषून घेणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात. ठेवा हवं तर, पण तळाशी आणि डोळ्यांसमोर. त्यात जमलेलं खारट पाणी कपड्यांवर सांडलं की एक उपद्रव टाळायला दुसरा घरी आणल्यासारखं होतं. गळती असताना या डब्यांवर भिस्त ठेवणं म्हणजे फुटक्या माठाखाली वाटी लावणं.

कपडे न मोजता खण पाडणं

याचा मला दुसऱ्या क्रमांकाचा राग आहे. एका घरी साहेबांना आठ फुटी हँगिंग हवं होतं, सलग, दिवे लावलेलं. मी पलंगावर सगळं काढायला लावलं. शर्ट निघाले चौदा, एक सूट, एक शेरवानी (लग्नातली, आता बटणं लागत नाहीत), आणि टी-शर्ट चाळीसच्या वर, जे टांगायचे नसतातच. बाईसाहेबांच्या साड्या बासष्ट. त्यांच्यासाठी आराखड्यात दोन खण. पातळ हँगरवर दहा-बारा शर्ट फूटभर दांड्यात बसतात. म्हणजे साहेबांची गरज दीड-दोन फुटांची आणि मागणी आठ फुटांची. पुढे अर्धा तास जे संभाषण झालं ते त्या दोघांचं आहे, मी खिडकीतून बाहेर बघत होते.

तर आधी मोजा. शर्टाला हँगरसकट चाळीस इंच उंची पुरते, कुर्त्याला पन्नासच्या आसपास, अनारकलीला साठ धरा. मग कळतं की सगळीकडे साठ इंच मोकळे सोडण्यात अर्थ नाही. एका भागात लांब कपडे, बाकी ठिकाणी एकावर एक दोन दांडे. दांडा तीन फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये आधार द्या, नाहीतर वर्षभरात त्याचा झोपाळा होतो. अठरा मिलिमीटरच्या फळीचंही तेच.

साड्यांच्या खणांत दोन फळ्यांमधलं अंतर दहा-बारा इंच ठेवा. "अठरा इंच ठेवा, जास्त मावतील" असं सांगणारा सुतार प्रेमळ असेल, पण त्याने कधी साडी काढलेली नसते. वीस साड्यांच्या चळतीतली खालून तिसरी ओढली की काय होतं, हे सकाळी घाईत असलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

आणि चोवीस इंच खोल फळी. घडीचे कपडे पुढच्या चौदा-पंधरा इंचांत बसतात, मागच्या जागेत दुसरी रांग लागते आणि ती रांग पुढच्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत कुणाला आठवत नाही. घडीच्या कपड्यांना फळी सोळा इंचांचीच करा, नाहीतर सरळ ड्रॉवर करा. माझं मत ड्रॉवरच्या बाजूने आहे. ड्रॉवर ज्यांवर सरकतो ते चॅनेल मात्र पूर्ण बाहेर येणारे घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

भरजरी पैठणी हँगरला लावू नये. जरीच्या वजनाने रेशीम ओढलं जातं आणि हँगरच्या दांडीवर चुणी पडते ती कायमची. मलमलच्या नाहीतर जुन्या सुती धोतराच्या कापडात गुंडाळून आडवी ठेवावी, तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी. प्लास्टिकची पिशवी नको, हवा काढून घेणाऱ्या पिशव्या तर मुळीच नकोत. त्या रजयांसाठी आहेत.

डांबरगोळ्या कपड्यावर थेट टाकू नका, जरीला तर त्यांचा स्पर्शही नको. कापडी पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा. आमच्या आजीच्या ट्रंकेत वेखंडाचे तुकडे आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला असायचा. मी अजून वेखंडच वापरते. त्याने कसर पूर्ण थांबते असा माझा दावा नाही, पण कपाट उघडल्यावर दवाखान्यात आल्यासारखं वाटत नाही.

सरकती दारं

जागा कमी असेल तर सरकती दारं ठीक. पण ट्रॅक तीन-चार इंच खातो. बाहेरून चोवीस इंचांचं कपाट करून त्याला सरकती दारं लावली की आत वीसच उरतात, आणि हँगरवरच्या शर्टाची बाही रोज दाराला घासते. सत्तावीस इंच मिळत असतील तरच लावा. शिवाय एका वेळी अर्धंच कपाट उघडं राहतं, हे घेताना कुणी सांगत नाही.

दिवे आणि आरसा

फक्त छताला दिवा लावलात तर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते, कुंकू लावताना चेहरा आजारी दिसतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर दिवे हवेत. पिवळा प्रकाश फोटोत छान दिसतो आणि त्यात काळा आणि गडद निळा एकच होतात. एक गृहस्थ एका पायात काळा, दुसऱ्यात निळा मोजा घालून ऑफिसला जाऊन आले, त्यानंतरच त्यांनी माझं ऐकलं. ४००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे ना फार पिवळा ना फार पांढरा, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) ९० च्या वरचा दिवा मागा. दुकानदार म्हणेल, "सगळे सारखेच असतात." नसतात. एक साडी सोबत न्या आणि दोन्ही दिव्यांखाली धरून बघा.

आरशाचं तर विचारू नका. प्रत्येकाला जमिनीपासून छतापर्यंत हवा असतो. शाळेत शिकलेलं आठवा. नखशिखान्त दिसायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, मग तुम्ही जवळ उभे राहा की लांब. पाच फूट चार इंचांच्या बाईला बत्तीस इंच. फक्त तो योग्य जागी हवा, खालची कड जमिनीपासून साधारण तीस इंचांवर आणि वरची बासष्टवर. घरात उंच-बुटकी माणसं असतात म्हणून मी साडेतीन फुटांचा लावते. खालच्या अडीच फुटांत ड्रॉवर येतात. हे सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून मी लहान आरसा गाडीत घेऊन फिरते आणि भिंतीला धरून दाखवते. तेव्हा "अय्या, खरंच की!" होतं.

बाकी किरकोळ

कपाटासमोर तीन फूट तरी मोकळे ठेवा, ड्रॉवर उघडून वाकायचं असतं. दाराला काच लावायची हौस असेल तर आरपार न दिसणारी दुधी लावा, तुमचे टी-शर्ट कुणाला बघायचे नाहीत. कामाचा वास जाईपर्यंत निदान आठ-दहा दिवस दारं सताड उघडी ठेवा, मगच कपडे लावा. वास्तुशांतीच्या आदल्या रात्री कपडे भरून मोकळे झालेले लोक पुढे दोन महिने सनमायक्याच्या गोंदाचा वास अंगाखांद्यावर वागवतात. आणि कपाट व्हायच्या आधी ऑनलाइन डबे-टोपल्या मागवू नका. ते इंचांत मोजून येत नाहीत, आणि मग खण डब्यांच्या मापाने करायची वेळ येते.

शेवटची गोष्ट खुर्चीची. प्रत्येक घरात एक खुर्ची असते जिच्यावर कुणी बसत नाही. एकदा घातलेली जीन्स, तासभरच नेसलेली साडी, धुवायलाही टाकवत नाहीत आणि स्वच्छ कपड्यांतही ठेववत नाहीत, असे कपडे तिथे साठतात. लाखभर रुपयांची ड्रेसिंग रूम करतात आणि या कपड्यांना जागाच देत नाहीत, मग खुर्ची आत येऊन बसते. मी दाराच्या मागे खुंट्या ठोकते. माणशी दोन, त्याहून एकही जास्त नाही. परवा एका घरी सहा महिन्यांनी गेले, तर त्यांनी माझ्या चार खुंट्यांशेजारी आणखी सात लावून घेतल्या होत्या. दार पूर्ण उघडत नव्हतं.