सीईटीचा सराव पेपर कसा सोडवावा

एमएचटी-सीईटीत, म्हणजे महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशाच्या सामायिक परीक्षेत, भौतिक व रसायनशास्त्राच्या 100 प्रश्नांना 90 मिनिटे आणि गणिताच्या 50 प्रश्नांनाही तेवढाच वेळ मिळतो. अभ्यास पक्का असूनही हा वेळ कुठे खर्ची पडतो, हे घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवल्याखेरीज कळत नाही. परीक्षा संगणकावर होते, म्हणून सरावही शक्यतो संगणकावरच करावा. चाळीतल्या घरात सलग तीन तास शांतता मिळणे कठीण. अशा वेळी जवळची अभ्यासिका गाठावी. पेपर संपल्यावर केवळ गुण पाहून उठू नये. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवून तो संकल्पना न समजल्याने चुकला, आकडेमोडीत चुकला, की घाईत ‘नाही’ हा शब्द नजरेतून सुटल्याने, हे शेजारी लिहावे. माझ्या मते खरा अभ्यास इथेच होतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये.