सब लावताना या चुका टाळा: लॉन, मैदान आणि नाट्यगृह

स्टेजच्या दोन्ही बाजूंना सबच्या, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या सबवूफर स्पीकरच्या, थप्प्या रचल्या, मधोमध उभं राहून बेस ऐकला, झालं. पहिली चूक इथेच होते. थप्प्यांमध्ये 10 मीटर अंतर असेल, तर स्टेजपासून 15 मीटरवर उजव्या थप्पीच्या अगदी नाकासमोर उभे राहा. डावी थप्पी तिथून उजवीपेक्षा 3 मीटर लांब पडते आणि 60 हर्ट्झची निम्मी तरंगलांबी जवळपास तेवढीच, 2.9 मीटर. दोन्ही आवाज एकमेकांना खातात, किक ड्रमचा ठोका गायब. कन्सोल (मिक्सर) मध्यावर असतो, म्हणून साउंड इंजिनिअरला पत्ता लागत नाही. इक्यूवर (इक्वलायझरवर) 60 हर्ट्झ वाढवलं तर खड्डा तसाच राहतो, मधल्या लोकांच्या छातीवर मात्र दणके बसतात.

लॉन किंवा मैदानावर सगळे सब स्टेजसमोर एका रांगेत, जमिनीवरच ठेवा. 100 हर्ट्झपर्यंत चालवायचे असतील, तर शेजारच्या दोन सबच्या मध्यांमधलं अंतर 1.7 मीटरपेक्षा कमी हवं, 1.5 धरा. आठ सबची सरळ रांग बेस समोर निमुळता फेकते. कडेच्या लोकांसाठी मध्यापासून टोकाकडे वाढता डिले द्या, म्हणजे आवाज किंचित उशिरा सोडा. टोकाला 5–6 मिलिसेकंदांपासून सुरुवात करा, मग चालत जाऊन ऐका.

नाट्यगृहात त्रास वेगळाच. लाकडी स्टेज थरथरतं, डग्ग्याचा माइक घुमायला लागतो. इथे मागे कमी आवाज जाणारी जोडी लावा: दोन सब एकामागे एक, 1.4 मीटरवर, दोघांची तोंडं प्रेक्षकांकडे. मागच्याची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटी आणि त्यालाच 4.1 मिलिसेकंद डिले. हा डिले चुकून पुढच्याला दिला, की बेस गायकाच्या पाठीत आणि प्रेक्षक कोरडे! दोन्ही सबना अँप्लिफायरचं वेगळं चॅनेल लागतं, हे ट्रक भरतानाच बघा.

एकटा सब भिंतीपासून 1.4 मीटरवर ठेवू नका, परतणारा आवाज 60 हर्ट्झ मारतो. 60 सेंटिमीटरच्या आत सरकवा.

बेस पातळ वाटला तर आधी केबल तपासा. दोन सब शेजारी ठेवून एकत्र वाजवा. आवाज वाढायच्या ऐवजी पडला, तर एकाची वायर उलटी आहे.

आणि पुण्याच्या डीपी रोडच्या लॉनवर डेसिबल मीटरच्या आकड्यावर विसंबू नका. ए-वेटिंगवर (कानासारखे खालचे सूर कमी मोजणारी मीटरची सेटिंग) 50 हर्ट्झ तब्बल 30 डेसिबलने कमी दिसतो. मीटर गप्प असतो आणि मागच्या सोसायटीच्या खिडक्या खडखडत असतात.