रॉक गाण्यांत ड्रग्ज आणि शामान शोधताय? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे ओळ जरा विचित्र वाटली की लगेच एलएसडी (भास घडवणारं ड्रग) म्हणून मोकळं व्हायचं. बीटल्सचं 'लुसी इन द स्काय विथ डायमंड्स' घ्या, 1967 चं, आद्याक्षरं जुळतात म्हणून लोक आजही छातीठोकपणे सांगतात, पण ते लिहिणारा बीटल्सचा जॉन लेनन कायम म्हणत राहिला की नाव त्याच्या मुलाने, ज्युलियनने शाळेत काढलेल्या चित्रावरून आलं आणि गाण्यातली होडी वगैरे लुईस कॅरलच्या ॲलिसच्या गोष्टींमधून. आता याची उलटी चूकपण करू नका, की मग एलएसडीचा काही संबंधच नाही. बीटल्स तेव्हा ते घेत होते हे त्यांनीच सांगितलंय. नाव कुठून आलं आणि गाण्याला तो रंग कसा चढला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

गंमत म्हणजे त्याच वर्षी आलेल्या 'व्हाइट रॅबिट'मध्ये जेफरसन एअरप्लेन बँडच्या ग्रेस स्लिकने तीच ॲलिस घेऊन गोळ्या आणि मशरूमबद्दल अगदी उघड लिहिलं. मूळ पुस्तक सापडलं म्हणजे अर्थ सापडला असं नसतं.

दुसरं, सतार किंवा तंबोरा वाजला की नशा असं धरू नका, रविशंकरांना स्वतःला त्यांचं संगीत ड्रग्जशी जोडलेलं अजिबात आवडायचं नाही, ते जाहीरपणे बोलायचे. तंबोरा असलेलं बीटल्सचं 'टुमॉरो नेव्हर नोज' मात्र खरंच ड्रग्जशी जोडलेलं आहे, पण ते कळतं तंबोऱ्यावरून नाही तर शब्दांवरून, कारण सुरुवातीची ओळ एलएसडीचा प्रचार करणारा मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी आणि मंडळींच्या, अशा ड्रग्जच्या अनुभवांवरच्या 1964 च्या पुस्तकातून आलीय, आणि ते पुस्तक बेतलंय तिबेटी मृत्युग्रंथावर.

शामानच्या बाबतीत तर फारच गोंधळ होतो. शामान म्हणजे नशा करणारा बाबा नव्हे, तर तंद्रीत जाऊन आत्म्यांशी संपर्क साधणारा आणि लोकांना बरं करणारा माणूस, हा शब्दच सायबेरियातल्या तुंगूस भाषांमधला, तिकडे ढोलाच्या तालावर तंद्री लागते. मेक्सिकोतली वैदू मारिया साबिना भास घडवणारे मशरूम वापरायची, पण आजारी माणसाला बरं करण्यासाठी. 1957 मध्ये अमेरिकन मासिकात लेख आल्यावर बाहेरच्यांची रीघ लागली आणि त्याचा त्रास तिलाच भोगावा लागला, हे वाचून मला खरंच वाईट वाटतं.

डोअर्स या अमेरिकन रॉक बँडचा गायक जिम मॉरिसन स्वतःला शामान मानायचा. बँडचं नाव लेखक हक्सलीच्या, मेस्कॅलिन या भास घडवणाऱ्या ड्रगवरच्या पुस्तकातून, आणि हक्सलीने ते घेतलं कवी ब्लेककडून. पण 1970 च्या 'पीस फ्रॉग'मधले हायवेवर पडलेले रक्तबंबाळ इंडियन्स (म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी) कुठल्या नशेच्या ट्रिपमधले नाहीत, लहानपणी बघितलेल्या अपघाताची आठवण म्हणून तो ते सांगायचा, आणि त्यातल्या मेलेल्यांचे आत्मे आपल्यात शिरले असंही. आता नीट बघा, शामानचा आत्मा म्हणे प्रवासाला बाहेर जातो, मॉरिसनच्या गोष्टीत मात्र दुसऱ्यांचे आत्मे आत येतात, म्हणजे ही गोष्ट आपल्याकडच्या अंगात येण्याच्या जास्त जवळची आहे.