‘कन’ की ‘आट’? आवाजांचं इंग्रजी कानाने ओळखायचं कसं

सीझनमध्ये दापोलीकडच्या आमच्या घरी पर्यटक उतरतात. रात्री मागीलदारी नारळ पडला की पाहुणा दचकून विचारतो, “व्हॉट वॉज दॅट नॉइज?” उत्तर देताना घरातली मुलं अडखळतात. ‘अ थड’ म्हणायचं की नुसतं ‘थड’? ‘थंडर्स’ चालतं का? पाठ केलेल्या याद्या ऐन वेळी आठवत नाहीत. मी त्यांना सांगते, आधी तो आवाज मराठीत म्हणा.

शब्दाच्या शेवटी ‘कन’ येतो का ते ऐका. ओल्या मातीत नारळ पडतो धप्पकन, झावळीचा देठ मोडतो काडकन, विहिरीत कळशी पडते डुबुककन. आवाज एकदा झाला आणि संपला, म्हणजे तो मोजता येतो: ‘अ थड’, ‘अ क्रॅक’, ‘अ स्प्लॅश’. तीन नारळ पडले तर ‘थ्री थड्स’. “आय हर्ड अ थड” यातला ‘अ’ गाळू नका.

शेवटी ‘आट’ असेल तर आवाज पसरलेला असतो. ढगांचा गडगडाट, टाळ्यांचा कडकडाट, पोरांचा गोंगाट. आपणही ‘दोन गडगडाट’ म्हणत नाही. इंग्रजीतले ‘थंडर’, ‘अप्लॉज’ आणि गोंगाट या अर्थाचा ‘नॉइज’ तसेच: आधी ‘अ’ नाही, मागे ‘एस’ नाही. ऑक्टोबरच्या संध्याकाळी समुद्रावर ढग गडगडत राहिले तर ‘थंडर’, पण कडाडकन एकच आवाज झाला तर ‘अ क्लॅप ऑफ थंडर’. हसण्याचंही तेच. एकदा हसणं ‘अ लाफ’, सगळ्या पडवीभरचं हसणं ‘लाफ्टर’.

ही खूण प्रत्येक शब्दाला लागू पडत नाही. गोंगाटाला ‘डिन’ आणि ‘रॅकेट’ असेही शब्द आहेत, त्यांना मात्र ‘अ’ लागतो.

सर्वांत जास्त घोळ ‘नॉइज’चा होतो, कारण तो दोन्हीकडे चालतो. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव रंगला की “देअर इज सो मच नॉइज”. इथे ‘मेनी’ चालणार नाही. होडीचं इंजिन विचित्र वाजू लागलं तर “इट इज मेकिंग अ स्ट्रेंज नॉइज”, कारण आता एक ठरावीक आवाज कानावर येतोय. असे निरनिराळे आवाज यायला लागले तर ‘स्ट्रेंज नॉइजेस’. ‘साउंड’चंही तसंच. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेत सुमारे ३४०. तो ध्वनी म्हणजे नुसता ‘साउंड’. होडीखालून काहीतरी खरवडल्यासारखं ऐकू आलं तर ‘अ साउंड’.

समुद्राच्या गाजेला ना ‘कन’ ना ‘आट’. वाघाने डरकाळी फोडली तर ‘अ रोअर’, पण रात्रभर चाललेली गाज ‘द रोअर ऑफ द सी’. पाहुण्याला तेवढंच सांगा आणि ती ऐकू द्या.