लाकडी कपाटाचा कुबट वास: शेवटी गेला तो असा

पावसाळ्यात खण उघडला की भपकन कुबट वास, कपड्यांनाही तोच. डांबरगोळ्यांनी एकाचे दोन वास झाले, कापराने तेवढ्यापुरतं, अक्षरशः वैतागलो. वास बाहेरच्या पॉलिशला नव्हताच. खणांचा तळ आणि कपाटाची पाठ, जिथे सुतार पॉलिशचा हात फिरवत नाहीत, त्या कोऱ्या लाकडात मुरला होता.

खण बाहेर काढले. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कोरं लाकूड पुसलं. पंख्याखाली खडखडीत वाळवलं; कडक उन्हात नको, फळ्या वाकतात. मग १८० नंबरचा पॉलिशपेपर, रेषांच्या दिशेने. धूळ पुसून, उरलासुरला वास आतच कोंडायला, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे (शेलॅक, म्हणजे पॉलिशसाठीच्या लाखेच्या पातळ पापड्या) दोन पातळ हात, पहिला वाळल्यावरच दुसरा. खिडक्या उघड्या, गॅस बंद, कारण स्पिरिट पेटतं. वास गेला. कपाट आता भिंतीपासून चार बोटं पुढे असतं.