पूरक उपचार केंद्रात हिवाळी सणांचा काळ कसा साजरा करावा

उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबरला वर्षातील सर्वांत लहान दिवस येतो आणि त्याच्या आगेमागे नाताळ, हनुका (ज्यूंचा दिव्यांचा सण) व नववर्ष असे सण येतात. मसाज, रिफ्लेक्सॉलॉजी (तळपायांवरील ठरावीक बिंदू दाबण्याचा उपचार), अरोमाथेरपी (सुगंधी तेलांचा उपचार) किंवा ॲक्युपंक्चर देणाऱ्या छोट्या केंद्रालाही या दिवसांत थोडी सजावट करावी, नियमित येणाऱ्यांचे आभार मानावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र केंद्रात येणारी व्यक्ती बहुधा बाहेरच्या गर्दीपासून तासभर दूर राहण्यासाठीच येते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की सण प्रतीक्षाकक्षात असावा आणि उपचारकक्ष वर्षभर असतो तसाच शांत राहावा. पुढील बहुतेक सूचना याच विचारातून आल्या आहेत.

सजावट ठरवण्याआधी थेरपिस्टने स्वतः मसाज टेबलावर आधी उताणे आणि मग पालथे झोपून पाहावे. उताण्या व्यक्तीला फक्त छत दिसते आणि पालथ्या व्यक्तीला चेहरा टेकवण्याच्या खाचेतून फक्त जमीन दिसते, त्यामुळे भिंतीवरच्या तोरणांचा तिला काहीच उपयोग नसतो. उलट छताजवळ लुकलुकणारी दिव्यांची माळ मिटलेल्या पापण्यांतूनही जाणवते. अर्धशिशी किंवा अपस्माराचा त्रास असणाऱ्यांसाठी लुकलुकणारा प्रकाश प्रतीक्षाकक्षातही टाळावा आणि एकसारखा तेवणारा उबदार रंगाचा प्रकाश निवडावा. येणाऱ्यांपैकी काहींचा यातला एकही सण नसतो आणि काहींसाठी हे दिवस नुकत्याच गेलेल्या माणसाची आठवण घेऊन येतात. त्यांनाही परके वाटू नये म्हणून हिरव्या फांद्या, ऊब आणि मंद प्रकाश अशी ऋतूशी नाते सांगणारी सजावट अधिक योग्य ठरते. ‘सणाची तयारी झाली का?’ या प्रश्नाऐवजी ‘हे दिवस कसे जात आहेत?’ असे विचारले, तर समोरच्याला मोकळे उत्तर देता येते.

सुगंधाच्या बाबतीत मात्र वरचा नियम उलटा लागू होतो. प्रतीक्षाकक्षात डिफ्यूझर (सुगंध हवेत पसरवणारे उपकरण) लावला की तिथे बसलेल्या प्रत्येकाला, म्हणजे दम्याचा रुग्ण, गर्भवती स्त्री आणि सोबत आलेले लहान मूल यांनाही, तो वास नाइलाजाने घ्यावा लागतो. म्हणून सुगंध उपचारकक्षातच आणि त्या व्यक्तीला विचारूनच वापरावा, तसेच दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये खिडकी उघडून खोलीतील हवा बदलावी. हिवाळ्याशी जोडली गेलेली बरीच सुगंधी तेले त्वचेसाठी तीव्र असतात. दालचिनीच्या सालीचे तेल त्वचेचा दाह व ॲलर्जी निर्माण करू शकते, त्यामुळे मसाजच्या मिश्रणात ते घालूच नये. लवंगेच्या तेलातील युजेनॉलही त्वचेला त्रासदायक ठरू शकते. विंटरग्रीन तेल जवळजवळ संपूर्ण मिथाइल सॅलिसिलेटचे (ॲस्पिरिनच्या जातकुळीतील रसायनाचे) असते, ते त्वचेतून शोषले जाते आणि वॉरफॅरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवते. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांसाठीही ते धोक्याचे आहे. पाइन व फर यांची तेले हवेच्या संपर्काने जुनी झाली की त्यांपासून ॲलर्जी होण्याची शक्यता वाढते, म्हणून बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी आणि गेल्या हिवाळ्यात उरलेली बाटली या वर्षी वापरू नये. प्रौढ व निरोगी व्यक्तीच्या अंगाच्या मसाजसाठी सौम्य सुगंधी तेलांचे प्रमाण सहसा २ टक्क्यांपर्यंत ठेवतात, म्हणजे ३० मिलिलिटर बेस तेलात (ज्यात सुगंधी तेल मिसळतात त्या साध्या तेलात) सुमारे १२ थेंब. नाजूक त्वचेसाठी त्याच्या निम्मे पुरेसे होते. बेस तेल बदामाचे असेल, तर सुकामेव्याच्या ॲलर्जीबद्दल आधी विचारावे. ऋतूचा स्पर्श हवाच असेल, तर गोड संत्र्याचे ताजे तेल मला सर्वांत सोयीचे वाटते. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या साध्या तेलामुळे त्वचा उन्हाला संवेदनशील होते, तशी ती याने होत नाही.

खऱ्या मेणबत्त्यांऐवजी बॅटरीवरच्या मेणबत्त्या वापराव्यात. टॉवेल, तेल आणि डोळे मिटून पडलेला माणूस एकाच खोलीत असताना उघडी ज्योत कशासाठी हवी? याहून कमी माहीत असलेला धोका तेलकट टॉवेलांचा आहे. मसाजचे तेल कापडात उरले आणि तो टॉवेल ड्रायरमधून गरमच काढून ढीग करून ठेवला, तर तेलाच्या ऑक्सिडीकरणातून उष्णता साठत जाऊन ढीग आपोआप पेटू शकतो. सणाच्या गर्दीत टॉवेल जास्त जमतात, म्हणून ते गरम पाण्यात पुरेशा डिटर्जंटने धुवावेत, पूर्ण थंड होऊ द्यावेत आणि मगच घडी करून ठेवावेत.

गिफ्ट व्हाउचर हा या काळातला महत्त्वाचा भाग आहे, पण तो कपडे किंवा पुस्तक भेट देण्यासारखा नाही, कारण भेट मिळणाऱ्या व्यक्तीची प्रकृती देणाऱ्याला पूर्ण माहीत नसते. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ असेल, ताप असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा गर्भारपण असेल, तर उपचार बदलावा, पुढे ढकलावा किंवा नाकारावा लागतो. म्हणून व्हाउचर एखाद्या ठरावीक उपचाराऐवजी रकमेचे किंवा वेळेचे असावे आणि उपचारापूर्वी आरोग्यविषयक चौकशी केली जाईल, उपचार योग्य नसल्यास रक्कम परत मिळेल किंवा व्हाउचर दुसऱ्याला देता येईल, हे त्यावर स्पष्ट छापावे. मुदतही ठळक असावी. व्हाउचर देणाऱ्याने नंतर ‘ती येऊन गेली का?’ असे कितीही प्रेमाने विचारले, तरी त्याचे उत्तर देऊ नये. ती माहिती उपचार घेणाऱ्या व्यक्तीची असते.

हाच विचार शुभेच्छापत्रांनाही लागू होतो. आपण उपचार घेतो हे काहींनी घरीही सांगितलेले नसते, म्हणून ज्यांनी संमती दिली आहे त्यांनाच पत्र पाठवावे आणि पाकिटावर केंद्राचे नाव नसावे. सर्वांना एकाच ग्रुपमध्ये घालून संदेश पाठवल्यास प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो, ते कटाक्षाने टाळावे.

या दिवसांत ‘सणानंतरचा डिटॉक्स मसाज’ अशा जाहिराती करण्याचा मोह होतो. शरीरातील नको असलेले पदार्थ बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, मसाज ते करत नाही. मसाजने विश्रांती मिळते आणि स्नायूंचा ताण हलका होतो, एवढे खरे सांगणेही पुरेसे आकर्षक आहे. हिवाळ्यात दरवर्षी येणाऱ्या औदासीन्याबद्दलही असाच संयम हवा. ऋतुजन्य औदासीन्य हा विकार १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथल व सहकाऱ्यांनी वैद्यकीय नियतकालिकात वर्णन केला. त्यावरील प्रकाशोपचारात साधारणपणे सकाळी सुमारे ३० मिनिटे १०,००० लक्सचा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) प्रकाश दिला जातो आणि बायपोलर आजार असणाऱ्यांनी तो डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. अशी लक्षणे जाणवल्यास व्यक्तीला डॉक्टरांकडे जाण्यास आपुलकीने सुचवावे. भेट म्हणून सेंट जॉन्स वर्टचा चहा किंवा गोळ्या तर देऊच नयेत, कारण ही वनस्पती गर्भनिरोधक गोळ्या व वॉरफॅरिन यांचा परिणाम कमी करते आणि काही नैराश्यविरोधी औषधांसोबत घेतल्यास शरीरातील सेरोटोनिन हे रसायन घातक पातळीपर्यंत वाढू शकते.

आभार मानण्यासाठी एखादी संध्याकाळ खुली ठेवायची असल्यास हात किंवा खांद्यांचा दहा मिनिटांचा, कपड्यांवरून करता येणारा मसाज देता येतो. त्यासाठीही थोडक्यात आरोग्यचौकशी आणि संमती हवीच. मद्य घेतलेल्या व्यक्तीला मसाज देऊ नये, म्हणून तिथे मद्य ठेवू नये. फोटो सजावटीचे काढावेत, माणसांचे नाही.

वेळापत्रक तीन-चार आठवडे आधी कळवावे. सुट्टीपूर्वीच्या आठवड्यात मागणी वाढते, तरी दोन अपॉइंटमेंटमधला वेळ कमी करू नये. थकलेल्या अंगठ्यांनी दिलेला उपचार घेणाऱ्याला लगेच कळतो. फोनवरच्या संदेशात केंद्र पुन्हा उघडण्याची तारीख सांगावी, आणि तातडीच्या वेळी डॉक्टर किंवा स्थानिक आपत्कालीन सेवेशी संपर्क साधावा, हेही त्यात नमूद करावे.