खिडक्या धुण्याच्या कामासाठी होज रील: निवडायची कशी, गाडीत बसवायची कशी

नागपुरात काचा धुण्याचं काम वर्षभर चालतं, पण दोनदा जोरात येतं. एकदा दसरा-दिवाळीच्या आधी आणि एकदा उन्हाळ्यातली धूळ-वावटळ संपून कूलर खिडकीतून उतरले की. गाडीत पाण्याची टाकी, बारा व्होल्टचा पंप, पुढे लांब काठीवर ब्रश, एवढ्या सामानावर चार मजल्यांच्या स्कीमच्या, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीच्या, काचा खाली उभं राहून धुता येतात. या सगळ्यात सर्वात कमी विचार होतो तो रीलचा, म्हणजे पाइप गुंडाळून ठेवायच्या चक्रीचा. दुकानात दिसली, हँडल फिरवून पाहिलं, घेतली. मग पाइप तिच्यावर मावत नाही, नाहीतर जोडातून पाणी ठिबकतं, नाहीतर रील अशा जागी बसते की दिवसातून दहा वेळा कंबर मोडून वाकावं लागतं.

क्रम उलटा हवा. आधी पाइप ठरवा, मग त्या पाइपला पुरेल अशी रील, आणि पैसे देण्याआधी तिची गाडीतली जागा.

पाइप किती लांब, किती जाड

तुम्ही नेहमी काम करता त्या इमारती डोळ्यांसमोर आणा. ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद इमारतीचा घेर १०० मीटर होतो. एका बाजूने अर्धं आणि परत येऊन दुसऱ्या बाजूने अर्धं केलं, तर ५० मीटर पाइप पुरतो. त्यात गेटपासून गाडीपर्यंतचं अंतर धरा. मनीषनगर-बेसा भागात गाडी बहुधा गेटजवळ लागते. धंतोली किंवा रामदासपेठेत दवाखान्यांच्या गर्दीत जागा मिळेल तिथे लावावी लागते, आणि तिथे २०-३० मीटर असेच जातात. सुटे बंगले असतील तर ६० मीटर, स्कीम आणि दवाखाने असतील तर १०० मीटर. त्याहून लांब पाइप ओढत बसण्यापेक्षा गाडी हलवलेली बरी.

जाडीचा हिशेब मात्र नीट करा. पाण्याचं घर्षण पाइपच्या आतल्या व्यासावर फार अवलंबून असतं. मिनिटाला २ लिटर पाणी १०० मीटर लांबीच्या ६ मिलिमीटर पाइपमधून गेलं, तर जवळपास ४ बार दाब वाटेतच खर्च होतो. तोच पाइप ८ मिलिमीटरचा घेतला तर साधारण १ बार. चौथ्या मजल्यावरच्या ब्रशपर्यंत पाणी चढवायला आणखी सव्वा बार लागतो. या कामाचे छोटे डायफ्राम पंप बहुधा ७ बारच्या आसपास बंद होतात, म्हणजे ६ मिलिमीटरच्या पाइपवर पंप सतत धापा टाकत चालतो. आणखी एक: रीलवर गुंडाळलेला पाइपही या हिशेबात येतो. तुम्ही दहाच मीटर सोडला तरी पाणी पूर्ण १०० मीटर फिरूनच बाहेर पडतं.

मग अर्धा इंची बागेचा पाइप का नको? त्यात १०० मीटरला १२ लिटरहून जास्त पाणी भरलेलं राहतं, ८ मिलिमीटरच्यात जेमतेम ५ लिटर. ते वजन कोपऱ्याकोपऱ्यावरून तुम्हालाच ओढायचं आहे. शिवाय मे महिन्यात बागेचा साधा पीव्हीसी पाइप इतका मऊ पडतो की वळणावर लगेच चपटा होतो, आणि तापलेल्या पीव्हीसीची दाब सहन करण्याची ताकदही घटते.

आपल्याकडे एक तिसरा पर्याय सहज मिळतो. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडचे संत्रा बागायतदार फवारणीच्या एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या, पंपाला लावतात तो साडेआठ मिलिमीटरचा पाइप. दाबाला तो गरजेपेक्षा कितीतरी दणकट असतो, आणि त्याचे जोड, क्लिपा, नटं तालुक्याच्या गावीही मिळतात. तो कडक आणि जड आहे हे खरं, पण पहिल्या वर्षी कमी पैशात काम सुरू करायचं असेल तर मी तोच घ्यायला सांगेन. फक्त वापरलेला घेऊ नका. कीटकनाशकाचा अंश पाइपच्या आतल्या थरात राहतो आणि तो तुमच्या हातावर आणि लोकांच्या खिडक्यांवर येतो.

रीलवर पाइप मावेल का

दुकानदार म्हणेल, "भाऊ, शंभर मीटर आरामात बसते." कुठल्या जाडीचा, ते तो सांगत नाही. टेप घेऊन जा आणि तीन मापं घ्या: बाजूच्या चकतीचा व्यास, मधल्या नळकांड्याचा व्यास आणि दोन चकत्यांमधली रुंदी. चकतीच्या कडेला चारी बाजूंनी अडीच सेंटिमीटर मोकळी ठेवायची, म्हणून तिच्या व्यासातून ५ वजा करा.

समजा चकती ४० सेंटिमीटरची, मधलं नळकांडं १५ आणि रुंदी २५. चकतीचे ३५ उरले. ३५ गुणिले ३५ म्हणजे १२२५, त्यातून १५ गुणिले १५, म्हणजे २२५ काढले की १०००. याला रुंदीने आणि ०.७८५ ने गुणा: १९,६२५. आता पाइपच्या बाहेरच्या जाडीच्या वर्गाने भागा. ८ मिलिमीटरचा पाइप बाहेरून १.२ सेंटिमीटर असेल तर १.४४ ने. उत्तर सुमारे १३,६०० सेंटिमीटर, म्हणजे १३६ मीटर. हे झालं अगदी नीट गुंडाळल्यावर. थकलेल्या हाताने संध्याकाळी गुंडाळताना एक पंचमांश जागा वाया जातेच, म्हणून १०० ते ११० मीटर धरा. त्याच रीलवर बाहेरून १.७ सेंटिमीटरचा अर्धा इंची पाइप गुंडाळला तर ५०-५५ मीटरच बसेल.

मधलं नळकांडं फार बारीक असलेली रील घेऊ नका. आतल्या थरांतला पाइप तिथे मुडपून चपटा होतो, आणि पाणी कमी का येतंय ते शोधत तुम्ही पंप उघडत बसता.

दुकानात हातात घेऊन काय पाहायचं

फिरता जोड, म्हणजे जिथून पाणी रीलमध्ये शिरतं तो, हा रीलचा जीव. तो पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा असावा, आणि त्यातली रबरी रिंग बदलता यावी. दुकानदाराला तो उघडून दाखवायला सांगा. उघडता येत नसेल तर रील परत ठेवा. फवारणीच्या काही रीलमध्ये पाणी जाण्याची नळी साध्या लोखंडाची असते. नागपुरात बऱ्याच भागांत बोअरचं पाणी जड आहे. काच न पुसता डाग न पडता वाळावी म्हणून आपण ते आरओ आणि पुढे रेझिनमधून काढून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्याजवळ आणतो. तेच पाणी गंजक्या नळीतून नेलं तर सगळी मेहनत वाया. शंका असेल तर रीलच्या आधी आणि पाइपच्या टोकाला, दोन्हीकडे टीडीएस मीटर लावून पाहा. आकडा वाढला तर घाण रीलमध्ये किंवा पाइपमध्ये आहे.

दुसरी गोष्ट ब्रेक. पतंगाची चक्री ढील देताना कशी आपोआप भरभर फिरते, तशी ही फिरता कामा नये. पाइप ओढणं थांबवलं की रील थांबायला हवी, नाहीतर आतले फेरे सैल पडून एकमेकांत अडकतात. घर्षणाचा साधा स्क्रू-ब्रेक पुरतो. गाडी चालताना रील फिरू नये म्हणून वेगळी खीळ असेल तर उत्तम.

मोटरवर फिरणारी रील एका गाडीच्या कामाला मला तरी अनाठायी खर्च वाटतो. पंप चालवणाऱ्या बॅटरीवरच तिचाही भार पडतो. बागेची प्लास्टिकची, दोन पायांवर उभी राहणारी रील मात्र अजिबात नको. इथल्या उन्हात तिचं हँडल ठिसूळ होतं, आणि ती बोल्टने घट्ट बसवण्यासाठी बनलेलीच नसते.

एक रील तर फुकट समोर दिसते: स्कीमच्या जिन्यातली लाल. ती आग विझवण्यासाठी आहे. चौकीदार "घ्या ना, आम्ही गाड्या धुतोच" म्हणाला तरी हात लावू नका.

गाडीतली जागा

आपण गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावतो. म्हणून रील मागच्या दाराकडे किंवा डाव्या बाजूला तोंड करून बसवा. उजवीकडे बसवली तर वर्धा रोडवर पाइप गुंडाळताना तुमची पाठ ट्रॅफिककडे असेल. पाइप ज्या दिशेने ओढणार त्या दिशेला रीलचा दांडा आडवा यायला हवा. तिरका ओढला तर पाइप चकतीच्या कडेवर घासतो आणि एका बाजूलाच साचतो.

उंची ठरवायला गाडीबाहेर, नेहमी उभे राहता तिथेच उभे राहा. हँडल पूर्ण फेऱ्यात गुडघ्याच्या खाली जाऊ नये आणि छातीच्या वर येऊ नये. छोटा हत्तीच्या हौद्याचा तळ उंच असतो, तिथे रील थेट तळावर चालते. ईकोसारख्या व्हॅनमध्ये तळ खाली असल्याने वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचं एक-दीड फुटी स्टँड करून घ्यावं लागतं. हँडल फिरताना बोटं दाराच्या चौकटीवर आपटत नाहीत ना, हे रील बसवण्याआधी, दुसऱ्याला ती धरायला सांगून पाहा.

बसवताना

पुठ्ठ्यावर रीलच्या पायांचा साचा कापा आणि तळावर ठेवून खुणा करा. आता ड्रिल उचलायच्या आधी गाडीखाली जा. इंधनाची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग, सीएनजी गाडी असेल तर तिची टाकी आणि नळ्या, यांपैकी काहीही खुणेखाली असेल तर जागा सरकवा. या कामात खरा धोका एवढाच आहे, आणि तो टाळायला पाच मिनिटं लागतात.

आधी ४ मिलिमीटरचं भोक, मग १० मिलिमीटरच्या बोल्टसाठी ते साडेदहाचं करा. भोकाच्या कडा कानशीने घासून त्यावर रेड ऑक्साइड लावा आणि वाळू द्या. घाईत हे राहिलं तर पावसाळ्यानंतर पत्र्याला तिथूनच गंज चढतो. पत्र्यात नुसते स्क्रू पिळून रील बसवू नका. पाण्याने भरलेला पाइप कोपऱ्यावर अडकतो, माणूस हिसका देतो, आणि तो सगळा जोर त्या पत्र्यावर येतो. वरून रीलचा पाय, मग पत्रा आणि खालून ५ मिलिमीटर जाड, दोन इंच रुंद लोखंडी पट्टी, अशी सँडविच करून आरपार बोल्ट टाका. खाली वायसर आणि नायलॉनचं लॉक नट. तळावर प्लायवूड टाकलेलं असेल तर ते मरीन दर्जाचं असू द्या, आणि बोल्ट त्याच्याही आरपार पत्र्यापर्यंत जाऊ द्या. शेवटी भोकाभोवती सिलिकॉन भरा.

पंपाकडून रीलला येणारी नळी ताठ नको. मीटरभर लवचीक नळीचा सैल वळसा ठेवा, म्हणजे गाडीच्या धक्क्यांनी फिरत्या जोडावर ताण येत नाही. आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळा. जोडाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा. गॅरेजमधलं साधं ग्रीस काही रबरांना फुगवतं.

पाइप चढवताना आधी तो रस्त्यावर पूर्ण लांब पसरा, पीळ काढा, आणि मगच हाताने ओळीत गुंडाळा. पंप बंद करून आणि टोकाचा कॉक उघडून दाब सोडल्यावरच गुंडाळायचं. काम करताना शेवटचे तीन फेरे रीलवर राहूच द्या. तिथे पाइपवर रंगीत टेप लावली की ओढणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं.

चाचणी आणि नंतर

टोक बंद ठेवून पंप चालू करा, फिरत्या जोडाभोवती कोरडा कागद गुंडाळा आणि रील दहा-बारा वेळा फिरवा. कागद ओला झाला तर रिंग नीट बसलेली नाही. मग नटावरून पट्टीपर्यंत पेंटची एक रेघ ओढा आणि आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. रेघ तुटलेली दिसली तर नट हललाय. पाना घेऊन पुन्हा आवळा.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी गाडी उन्हात उभी असेल तर पाइपमधलं पहिलं चार-पाच लिटर पाणी हात पोळेल इतकं तापलेलं असतं. ते झाडांना न घालता बादलीत सोडा आणि मग काठी जोडा. त्या दिवसांत काम संपलं की पाइप रिकामा करून रीलवर पांढरं कापड टाका. आणि रिंगांचा एक जास्तीचा संच टूलबॉक्समध्ये असू द्या, कारण जोड गळायला लागतो तो बहुधा रविवारी, इतवारीतली दुकानं बंद असताना.